‘तीन नंबर’ म्हणजे नक्की किती? परदेशी तैनातीवरची कटिंग

परदेशात तैनात असलेल्या सैनिकाची कटिंग बिघडते ती बहुतेक वेळा आकड्यावरून. खुर्चीत बसल्यावर तो ‘तीन’ म्हणतो, भाषा जुळत नसेल तर तीन बोटं दाखवतो. न्हावी हसून होकार देतो, मशीनला गार्ड (केस किती लांब उरतील ते ठरवणारी दातेरी टोपी) चढवतो आणि कल्ल्यापासून वर सरळ एक पट्टा मारतो. आरशात लक्ष जाईपर्यंत त्या पट्ट्यातून कातडी दिसायला लागलेली असते. आता थांबवून उपयोग नसतो, कारण बाकीचं डोकं त्या पट्ट्याच्याच मापाला आणावं लागतं.

यात न्हाव्याने फसवलेलं नसतं. अमेरिकी पद्धतीत गार्डचा नंबर म्हणजे इंचाचे आठवे भाग. एक नंबर म्हणजे एक अष्टमांश इंच, सुमारे ३ मिलिमीटर. दोन म्हणजे ६, तीन म्हणजे साडेनऊ (गार्डवर बहुधा १० छापलेलं असतं), चार म्हणजे १३ आणि आठ म्हणजे पुरा इंच, २५ मिलिमीटर. जपान आणि दक्षिण कोरियात मात्र न्हावी थेट मिलिमीटरमध्ये बोलतात, ३, ६, ९, १२ असे. म्हणजे तिथे ‘तीन’ मागितलं की ३ मिलिमीटरच मिळणार, आणि अमेरिकी हिशेबाने तो एक नंबर झाला. सैनिकाच्या मनात साडेनऊ असतात, डोक्यावर तीन उरतात.

यावरचा उपाय सोपा आहे. नंबर बोलूच नये, गार्ड हातात घेऊन दाखवावा. बहुतेक गार्डांच्या पाठीवर किंवा दातांच्या मुळाशी माप कोरलेलं असतं, पुष्कळदा इंच आणि मिलिमीटर दोन्ही. कोरलेलं पुसलं गेलं असेल तर दातांची उंची डोळ्यानेही कळते, कारण एक नंबरचा गार्ड जेमतेम मशीनला चिकटलेला दिसतो आणि चारचा चांगला बोटाच्या रुंदीएवढा वर येतो. कागदावर ‘बाजू ३ मिमी, वर १३ मिमी’ असं लिहून आणि डोक्याचं साधं चित्र काढून नेणारे सैनिक कोणाला विनोदी वाटतील, पण त्यांचीच कटिंग मनासारखी होते. मागच्या चांगल्या कटिंगचे तीन फोटो फोनमध्ये असतील तर आणखी उत्तम: समोरून, बाजूने आणि मागून. समोरचा एकटा फोटो निरुपयोगी, कारण सैनिकी कटिंगचं सगळं काम बाजूला आणि मागे असतं.

दुसरी गोष्ट पहिल्या हाताची. पहिला हात नेहमी हव्या त्या मापापेक्षा एक पायरी मोठ्या गार्डने मारायला सांगावा. तेराचे सहा कधीही करता येतात.

‘शॉर्ट’ हा शब्द तर वापरूच नये. तो जगभर सगळ्यांना कळतो आणि प्रत्येकाला वेगळा कळतो. गणवेशातला माणूस ‘शॉर्ट’ म्हणाला की तळाजवळच्या न्हाव्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: बाजू पूर्ण भादरलेल्या आणि टाळूवर टोपीएवढा पट्टा, म्हणजे ‘हाय अँड टाइट’. वास्तविक तेवढं बहुतेक सैन्यांना लागत नाही. अमेरिकी मरीन कोअरचा नियम कडक समजला जातो, पण त्यातही वरचे केस ताणून ३ इंचांपर्यंत चालतात. अट एवढीच की खालून वर ते सलग वाढत गेलेले दिसले पाहिजेत. अमेरिकी लष्कराच्या नियमावलीतही जोर या उतारावरच आहे, आणि कल्ले कानाच्या छिद्राच्या खालच्या कडेच्या खाली जाता कामा नयेत असं त्यात सांगितलं आहे. कल्ल्याचा हा नियम न्हाव्याला शब्दांनी समजावत बसू नये. कानाच्या छिद्राशी बोट आडवं धरलं की झालं. दोन्ही बाजूंना धरावं, कारण माणसाचे कान एका पातळीत असतातच असं नाही, आणि न्हावी कानाकडे बघून कल्ले कापतो.

ब्रिटिश लष्कराने २०२४ च्या मार्चमध्ये दाढीला परवानगी दिली तेव्हा नियमातच मशीनचा नंबर घातला: ग्रेड एक, म्हणजे अडीच मिलिमीटर, ते ग्रेड आठ, म्हणजे साडेपंचवीस. गालाच्या हाडावर आणि मानेवर दाढी नको. शिवाय विषारी वायूच्या हल्ल्याचा धोका असेल तिथे ती उतरवायला सांगितली जाऊ शकते. कारण जुनंच आहे. मुखवट्याची रबरी कडा कातडीला चिकटून बसली तरच हवा अडते, आणि मध्ये केस आले की तिथून गळती होते. ब्रिटिश सैन्यात १९१६ पर्यंत उलटी सक्ती होती, वरचा ओठ भादरायला मनाई होती; जनरल नेव्हिल मॅकरेडी यांनी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आदेश काढून ती उठवली. म्हणजे नियमाचं कारण ठाऊक असेल तर न्हाव्याला काय कापायचं ते सांगायला सोपं जातं. मुखवट्याची कडा जिथून जाते, म्हणजे कपाळ, कानशील, गाल आणि हनुवटीखाली, तिथे सफाई हवी. बाकी सगळी हौस.

तपासणीच्या किती दिवस आधी कटिंग करावी याचाही हिशेब आहे. डोक्याचे केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर किंवा थोडे जास्त वाढतात, म्हणजे रोज तृतीयांश मिलिमीटर. ३ मिलिमीटरच्या बाजू नवव्या दिवशी ६ मिलिमीटरच्या होतात. वरच्या १३ मिलिमीटरला त्या वाढीने काही फरक पडत नाही, पण बाजूचा उतार त्यात पार बुजतो. त्यामुळे फेड, म्हणजे खालून वर वाढत जाणारा हा उतार, जितका खालून सुरू आणि जितका बारीक, तितका तो लवकर जुना दिसतो. आठवड्याला न्हाव्याकडे जाणं शक्य नसेल तर बाजूला दोन नंबर आणि वर चार नंबर ठेवावेत. दिसायला साधं, पण तीन आठवडे निभावतं.

आता दुकान. तळावरच्या दुकानात कर्मचारी अनेकदा तिसऱ्याच देशातून आलेले असतात. इराक आणि अफगाणिस्तानातल्या अमेरिकी तळांवर किर्गिझस्तान, फिलिपिन्स, भारत, नेपाळ अशा देशांतले लोक या कामावर होते. त्यांना सैनिकी कटिंगचे नियम तोंडपाठ असतात आणि बाकी संभाषण हातवाऱ्यांवर चालतं. पैशांचीही गंमत आहे. नाणी विमानाने वाहून आणायला जड पडतात म्हणून नोव्हेंबर २००१ पासून अमेरिकी लष्करी दुकानांनी तिथे ५, १० आणि २५ सेंटच्या पुठ्ठ्याच्या चकत्या चालवल्या. त्यांना ‘पॉग’ म्हणतात. बक्षिसी म्हणून न्हाव्याच्या हातात मूठभर पॉग ठेवणं बरं दिसत नाही, त्या अमेरिकी लष्करी दुकानांबाहेर कुठेच चालत नाहीत. द्यायची तर नोट द्यावी. जपानात किंवा कोरियात तीही देऊ नये. तिथे वरकड पैसे ठेवले तर दुकानदार विसरलेली वस्तू द्यावी तसा मागे धावत येतो.

तळाबाहेर जाण्याआधी युनिटकडची बंदी घातलेल्या जागांची यादी बघायलाच हवी. अमेरिकी सैन्यात ती ठरवायला स्वतंत्र मंडळ असतं, आणि यादीत न्हाव्याची दुकानं असण्याला कारण आहे. दक्षिण कोरियात दुकानाबाहेर फिरणारा लाल-निळा-पांढरा खांब एक असेल तर बहुधा खरंच केस कापतात. दोन खांब शेजारी-शेजारी, त्यातही उलट दिशांनी फिरणारे दिसले, तर ती जागा बहुधा दुसऱ्याच धंद्याची. नवखा सैनिक सरळ मनाने आत शिरतो, कात्री कुठे दिसत नाही, दिवे मंद आणि खुर्ची जरा जास्तच मागे झुकलेली. अशा वेळी स्पष्टीकरण देत बसण्यात अर्थ नाही. नमस्कार करून बाहेर पडावं. काचेतून आत खुर्च्या, आरसे आणि जमिनीवर पडलेले केस दिसत असतील ते दुकान निवडावं. जमिनीवरचे केस ही सगळ्यात भरवशाची पाटी.

हत्यार बरोबर असेल तर बसण्याआधी त्याची सोय लावावी लागते. अमेरिकी तळांवर इमारतीत शिरताना बाहेर वाळू भरलेलं पिंप असतं. त्यात नळी धरून मॅगझीन आधी काढायचं, मग बोल्ट मागे ओढून चेंबर रिकामं असल्याचं डोळ्याने आणि बोटाने तपासायचं. क्रम उलटा झाला तर मॅगझीनमधली गोळी चेंबरमध्ये चढते आणि पुढे चाप दाबला की पिंपात बार होतो. नंतरची चौकशी कुठल्याही बिघडलेल्या कटिंगपेक्षा महाग पडते. आत आल्यावर रायफल भिंतीला टेकवून लांब बसू नये. ती दोन पायांच्या मध्ये उभी धरावी, दस्ता जमिनीवर, नळी वर आणि पट्टा एका मांडीत अडकवलेला. मग न्हावी वरून कापड टाकतो आणि कापडाखाली एक उंचवटा तयार होतो. तो दिसतो विचित्र, पण न्हाव्याला सवय असते. नळी हनुवटीखाली येणार नाही इतकी ती बाजूला कलती ठेवावी, कारण पुढे मान खाली करायला सांगितली जाते आणि तेव्हा कपाळ नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुंटीवर आपटतं. पिस्तूल कमरेला असेल तर खुर्चीच्या हाताला अडकणार नाही असं पुढे सरकवून घ्यावं. हत्यार न्हाव्याच्या हातात कधीच द्यायचं नाही, त्याने ‘इकडे ठेवतो’ म्हणून अदबीने हात पुढे केला तरी.

कापड बांधायच्या आधी मानेभोवती कागदाची पट्टी लावायला सांगावी. ते कापड दिवसभरात पन्नास मानांना लागलेलं असतं. पट्टी नसेल तर टिश्यू कागदाची दुहेरी घडी चालते. मशीनच्या पात्यांत आधीच्या गिऱ्हाइकाचे केस दिसत असतील तर ब्रशकडे बोट दाखवावं. गजकर्ण तिथूनच येतं. कंगवे ज्या निळ्या द्रावणात बुडवलेले असतात त्यात ते पूर्ण बुडून दहा मिनिटं राहिले तरच काम होतं. नुसते बुचकळून काढण्याने कंगवा ओला होतो, बाकी काही नाही. निळा-जांभळा दिवा लागलेल्या पेटीवर तर मुळीच भरवसा ठेवू नये. धुऊन निर्जंतुक केलेली हत्यारं झाकून ठेवायला ती ठीक, घाणेरडा वस्तरा तिच्यात साफ होत नाही.

वस्तऱ्याच्या बाबतीत भीड धरू नये. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस टिकतो, आणि त्याला सुकलेल्या रक्ताचा न दिसणारा ठिपकाही पुरतो. सैनिकांना ही लस देतात, पण हिपॅटायटिस सी ला लस नाही. चांगला न्हावी न सांगताच पत्तीचं पाकीट समोर धरतो, कागदासकट मधोमध मोडतो आणि अर्धी पत्ती वस्तऱ्यात सरकवतो. तो ‘कट्’ असा आवाज ऐकू आला पाहिजे. आला नाही तर कापडाखालून हात काढून पत्ती मोडल्याची खूण करावी. जगातल्या कुठल्याही न्हाव्याला ती कळते आणि रागही येत नाही.

ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांनी मानेच्या मागे वस्तरा लावूच देऊ नये. कातडीच्या बरोबरीने कापलेला कुरळा केस आतल्या आत वळतो, त्यावर हेल्मेटची मागची कडा दिवसभर घासते आणि तिथे कठीण पुटकुळ्यांची रांग उठते. ती वाढली तर कायमचे व्रण राहतात. मानेची रेषा ट्रिमरने आखून एखादा मिलिमीटर ठेवलेला बरा.

पश्चिम आशियातल्या आणि तुर्की पद्धतीच्या दुकानांत खरी अडचण कटिंग संपल्यावर सुरू होते. न मागितलेल्या सेवा एकामागून एक येतात. गालावर दोरा फिरतो. डोळ्यांत पाणी येतं, नुकसान काही नाही, पण दुसऱ्या दिवशी मुखवटा घालायचा असेल तर नको म्हणावं. मग कानाला जाळ. तारेच्या टोकाला कापसाचा बोळा, तो स्पिरिटमध्ये भिजवून पेटवलेला, आणि न्हावी तो कानावर टपटप आपटतो. कानाच्या पाळीवरची लव जळते, जळक्या केसांचा वास येतो, चटका बसायच्या आत तो पुढे गेलेला असतो. यात भाजतं ते दोनच कारणांनी. एक, गिऱ्हाईक दचकून डोकं जाळाकडेच वळवतं. दुसरं, क्रम चुकतो. तिथलं कोलोन सुमारे ८० टक्के अल्कोहोल असतं. ते आधी चोपडलं आणि मग जाळ आला तर गाल पेट घेऊ शकतो. कोलोनचा वास येत असताना बोळा पुढे आला, तर हात वर करून थांबवायला लाजू नये.

आणि मान मोडणं. याला मात्र प्रत्येक वेळी नाहीच म्हणायचं. दीड किलोचं हेल्मेट दिवसभर वागवून मान आखडलेली असते, त्यामुळे नेमका सैनिकालाच मोह होतो. मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर चढतात. मानेला झटका बसला की त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन पक्षाघात होतो. असं क्वचित होतं, पण होतं. केस धुताना बेसिनवर मान फार मागे टाकल्याने झालेल्या पक्षाघातांचंही वर्णन १९९३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आलं आहे. न्हावी मानेला झटका देण्याआधीची खूण ओळखता येते: मॉलिश चालू असताना एक तळवा हनुवटीखाली येतो आणि दुसरा डोक्याच्या मागे सरकतो. त्या क्षणी हनुवटी छातीला टेकवावी आणि हात कापडाबाहेर काढावा. झटका बसलाच आणि पुढच्या काही तासांत किंवा दिवसांत मानेच्या एका बाजूला कधी नव्हे अशी कळ, चक्कर, एकाचे दोन दिसणं किंवा बोलताना जीभ अडखळणं असं काही झालं, तर गोळी घेऊन झोपायचं नाही, तडक डॉक्टरकडे जायचं.

शेवटी न्हावी मागे आरसा धरतो. इथेही घोटाळा होतो. बल्गेरियात मान वरखाली हलवणं म्हणजे ‘नाही’. तुर्कस्तानात भुवया उंचावून मान किंचित मागे टाकली की नकार. गिऱ्हाईक ‘वा’ म्हणून भुवया उंचावतं, न्हावी निमूटपणे पुन्हा मशीन उचलतो आणि आणखी एक पायरी खाली उतरतो. आरशापुढे मान हलवूच नये, अंगठा दाखवण्याचीही गरज नाही. हात छातीवर ठेवून त्या भाषेतलं ‘धन्यवाद’ म्हणावं. तेवढा एक शब्द पाठ करून जायला हवा.

गप्पांबद्दल थोडं. ‘घरी कधी जाणार?’ हा प्रश्न न्हावी आपुलकीनेच विचारतो, पण त्याच दिवशी तोच प्रश्न त्याने तीस जणांना विचारलेला असतो, आणि तीस उत्तरं एकत्र केली की तुकडी कधी बदलणार ते कळतं. ‘अजून वेळ आहे’ हे कायमचं उत्तर. भिंतीवर लावायला फोटो मागितला तर नावाची पट्टी आणि तुकडीचं चिन्ह दिसत नसेल तरच, नाहीतर नाही.

कटिंगनंतर चिलखत चढवायच्या आधी आंघोळ करावी. कापलेले बारीक केस पट्ट्याखाली अडकले की घामात टोचत राहतात, आणि खाजवायला आत बोटही जात नाही. वाळवंटात नवा फेड दुपारच्या गस्तीच्या तोंडावर करू नये. इतके दिवस केसांखाली राहिलेली कानामागची कातडी तासाभरात भाजते. संध्याकाळी कटिंग आणि पुढचे तीन-चार दिवस त्या पट्ट्यावर सनस्क्रीन.

जिथे दुकानच नाही अशा चौकीवर एकमेकांचे केस कापावे लागतात, आणि तिथे बिघाड बहुधा विजेचा असतो. घरून आणलेलं १२० व्होल्टचं मशीन २३० च्या बोर्डात लावलं तर कॉइल जळते, हे सगळ्यांना माहीत असतं. ट्रान्सफॉर्मर लावूनही ते केस का ओढतं, हे फारसं कोणाला माहीत नसतं. साध्या चुंबकी मशीनचं पातं विजेच्या लयीवर हलतं: ६० हर्ट्झवर मिनिटाला ७,२०० वेळा, ५० हर्ट्झवर ६,०००. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. मशीनच्या बाजूला एक स्क्रू असतो. तो खडखड सुरू होईपर्यंत पिळायचा आणि मग आवाज थांबेल इतकाच मागे घ्यायचा. पात्यावर दोन-तीन थेंब तेल टाकायचं आणि हात नेहमीपेक्षा सावकाश चालवायचा. केस आधी धुतलेले हवेत. पिठासारखी बारीक धूळ असलेल्या डोक्यावर चांगलं पातंही चार कटिंगमध्ये बोथट होतं.

कापताना गार्ड बसवल्यावर तो अंगठ्याने दाबून बघायचा. प्लॅस्टिकचा गार्ड अर्धवट बसला असेल तर मानेच्या खोलगटीत तो अडकतो आणि टक् करून निसटतो, मशीन मात्र तसंच वर जातं. अशा पट्ट्यावर इलाज दोनच. पट्टा खाली असेल तर फेडची सुरुवातच तिथपर्यंत वर न्यायची. तो डोक्याच्या मध्यावर गेला असेल, तर गार्ड बाजूला ठेवून सगळं डोकं तेवढंच करायचं आणि दोन आठवडे हेल्मेट शक्यतो काढायचं नाही.